जोड बघून सोबत

प्रार्थना कीटक एकमेकांना खातात. मादी नराला खाते, थोरलं पिल्लू धाकट्याला खातं, एका बरणीत दोन ठेवले तर सकाळी एकच उरतो. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, वर्गातही हेच सांगतात, आणि बहुतेक जातींच्या बाबतीत ते खरं आहे. पण सगळ्यांना ते लागू नाही. काही मोजक्या जाती नीट पोसल्या तर एका पिंजऱ्यात दहा-बारा मिळून राहतात, तिथेच वाढतात, कात टाकतात, जोडी जमवतात. मला हे कळलं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, उभ्या मारुतीजवळच्या एका बोळात, पत्र्याच्या छपराखालच्या माडीवर. ज्यांनी दाखवलं ते एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. परिचरांना मामा म्हणायची आपल्या महाविद्यालयांतून रीतच आहे, तसे ते सगळ्यांचे मामा होते. मी त्यांच्या बोळाला लागून असलेल्या घरातली, त्यामुळे माझे थोडे अधिक. हा लेख लिहिणार असल्याचं मामींच्या कानावर घातलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही की खुशाल. पण नाव घालू नगंस. त्यांना आवडलं नसतं." म्हणून नाव लिहीत नाही. देणं मात्र लिहायलाच हवं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. प्रात्यक्षिकासाठी तेव्हा कीटकसंग्रह द्यावा लागे. जाळी घेऊन फिरायचं, सापडेल तो किडा बाटलीत कोंडून मारायचा, पिन टोचून थर्माकोलवर लावायचा आणि खाली त्याचं लॅटिन नाव लिहायचं. रंकाळ्याच्या काठानं, संध्यामठाकडं, पद्माराजे बागेच्या कुंपणाशी मी अशी हिंडत असे. एका संध्याकाळी माझ्या बाटलीत बोटाएवढा हिरवागार खंडोबाचा किडा, म्हणजेच प्रार्थना कीटक, होता. मामा कामावरून परतत होते. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, दिव्याकडं धरून पाहिली आणि म्हणाले, "पिन मारायच्या आधी ह्याला खाताना तरी बघ. चल वर."

वर माडीत एका भिंतीला लांब फळी होती. तिच्यावर ओळीनं काचेच्या बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा दोऱ्यानं बांधलेला, आणि प्रत्येकीत एकच किडा. समोरच्या भिंतीला एक जुनं जाळीचं कपाट उभं होतं, दूध-दुभतं ठेवायचं असतं तसलं. त्याची लोखंडी जाळी काढून तिथंही मच्छरदाणीचं कापड चुका मारून ताणून बसवलं होतं. लोखंडी जाळीत किड्यांच्या पायांची नखं अडकून तुटतात, हे मला नंतर समजलं. आत बोरीच्या वाळक्या फांद्या उभ्या केलेल्या. फांद्यांवर मला काहीच दिसलं नाही. मामांनी कपाटाच्या दाराला शिवलेल्या बाहीतून हात घालून आत माशा सोडल्या, आणि वाळक्या पानांनी माना वळवल्या.

फळीवरचे एकेकटे, कपाटातले एकत्र. असं का, हे समजून घेता घेता मी प्राणिशास्त्राची झाले.

फळीवर आमच्याच परिसरातल्या जाती होत्या. सगळ्यांत मोठा हिरवा हायरोडुला. जास्वंदीवर, पेरूवर, पावसाळ्यात दिव्याखाली तो आपल्याकडं हमखास सापडतो. पुढच्या पंखावर पांढरा ठिपका असतो. त्याचे पुढचे पाय जाडजूड, आतल्या बाजूनं काट्यांची दुहेरी रांग असलेले. झुरळ, टोळ, सुरवंट, पतंग, कधी पालीचं पिल्लूसुद्धा तो पकडतो. चालणारं, सरपटणारं, उडणारं, त्याला काहीच वर्ज्य नसतं. आवाक्यात आलेली आणि हलणारी प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी अन्न असते. त्यात भाऊही आला. दुसरा होता क्रिओब्रोटर, फुलांवर बसणारा. अंगानं लहान, पंखावर डोळ्याच्या आकाराची ठळक खूण, पण स्वभावानं भलताच तापट. स्वतःएवढ्या मधमाशीवर बेधडक झेप टाकायचा. तिसरा हम्बर्टिएला, आंब्याच्या सालीशी एकरूप झालेला चपटा, करडा किडा. तो खोडावर डोकं खाली करून बसतो आणि हात लावायला जावं तर क्षणात खोडाच्या पलीकडच्या बाजूला गेलेला असतो.

ह्या तिसऱ्याबद्दल मी मामांना विचारलं होतं. आंब्याच्या एका खोडावर दोन-तीन हम्बर्टिएला मी स्वतः पाहिले होते, मग ते बरणीत एकत्र का ठेवायचे नाहीत? मामा म्हणाले, "भाएर सोबत दिसत्यात म्हणून आत सोबत ठेवायचं न्हाई, पोरी. भाएर त्येला पळून जाता येतंय. बरणीत कुठं पळंल?"

किडे एकत्र ठेवण्याबद्दलचा हा पहिला आणि सगळ्यांत मोठा धडा. निसर्गात एका झाडावर दिसणं आणि एका पिंजऱ्यात राहणं ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. झाडावर प्रत्येकाला निघून जायची वाट मोकळी असते. पिंजरा ती वाट बंद करतो. म्हणून पिंजऱ्यात एकत्र राहायला निघून जाण्याची गरजच न पडणारी जात लागते.

हायरोडुलाची अंड्यांची पेटीही मामांनी मला उघडताना दाखवली. मादी फेस सोडते, फेसात अंडी घालते आणि फेस वाळून भुरकट, टणक पेटी होते. ती त्यांनी मागच्या अंगणात जास्वंदीच्या फांदीला दोऱ्यानं बांधून ठेवली होती. एका सकाळी पेटीतून धाग्यांना लोंबकळत शंभराहून अधिक पिल्लं बाहेर पडली. त्याच क्षणी त्यांनी पहिली कात टाकली आणि पाय फुटल्यागत ती फांदीभर पसरली. काही पिल्लं मामांनी एका मोठ्या बरणीत ठेवली, मला दिसावं म्हणून. पहिले काही दिवस त्यांनी एकमेकांना सोडून दिलं. मग भूक आणि अंगातलं बळ दोन्ही वाढलं, आणि बरणीतली संख्या रोज घटायला लागली. जास्वंदीवरची पिल्लं मात्र पांगून गेली होती. "ह्यांचं घराणंच एकट्याचं हाय," मामा म्हणाले. "त्येला वाईट म्हनायचं न्हाई. येगळं ठेवायचं." उरलेलं प्रत्येक पिल्लू त्यांनी लगेच स्वतंत्र बाटलीत घातलं.

कधी कधी अशा पेटीतून पिल्लांऐवजी चकचकीत हिरव्या, लांब शेपटीच्या बारीक गांधीलमाशा निघत. पोडॅग्रिऑन नावाची ही परजीवी जात प्रार्थना कीटकाच्या अंड्यांवरच वाढते. मामा त्यांनाही खिडकी उघडून सोडून देत. हातात आलेला जीव आपल्याला हवा होता तो नाही म्हणून त्याला चिरडायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

आता कपाटाकडं वळते. त्यातल्या किड्यांना मामा 'अथणीवाले' म्हणत. त्यांची बहीण बेळगाव जिल्ह्यात अथणीला दिलेली होती. तिकडच्या कोरड्या माळावर, बोरी-बाभळींच्या झुडपांत हा किडा त्यांना पहिल्यांदा दिसला. त्याचं शास्त्रीय नाव गाँगिलस गाँगिलोडिस. १७५८ साली खुद्द लिनिअसनं त्याचं वर्णन केलं. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचं घर. परदेशातले लोक त्याला व्हायोलिन मँटिस म्हणतात, कारण छातीचा लांब दांडा वरच्या टोकाला पसरट होऊन शंकरपाळ्याच्या आकाराचा बनतो आणि सगळं शरीर त्या वाद्याच्या घडणीचं दिसतं. वाढलेली मादी १० सेंटिमीटरच्या पुढं जाते. मांड्यांवर, पोटावर वाळक्या पानांच्या तुकड्यांसारख्या झालरी असतात. डोक्यावर टोकदार मुकुट. नराच्या मिशा पिसासारख्या दुहेरी कंगव्याच्या, मादीच्या साध्या दोऱ्यासारख्या. त्या मिशांवरून नर-मादी ओळखायला मामांनी मला शिकवलं तेव्हा मला भिंग लागलं होतं. त्यांना लागत नव्हतं.

हा किडा दिवसभर फांदीला उलटा टांगून घेऊन वाऱ्यानं हलावं तसा संथ डोलत राहतो. १९०४ साली सी. ई. विल्यम्स यांनी लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याचं जीवनवृत्त प्रसिद्ध केलं. तो फुलाचं सोंग घेतो, छातीच्या पसरट भागाची खालची निळसर-जांभळी बाजू पुढं करून उडत्या किड्यांना भुलवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मामांनी विल्यम्स वाचले नव्हते. पण कपाट उन्हाच्या तिरिपेत सरकवून ते मला तेच दाखवत असत.

एकत्र राहण्याचं रहस्य त्याच्या शिकारीत आहे. अथणीवाल्याचे पुढचे पाय लांब आणि सडसडीत असतात. हायरोडुलासारखी मोठी, झटापट करणारी शिकार दाबून धरायला ते बनलेले नाहीत. त्याला हव्या असतात माशा, पतंग, मधमाश्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या हलक्या गोष्टी. फांदीवरून सावकाश चालत येणाऱ्या, त्याच्याच अंगमापाच्या वस्तूकडं तो सहसा ढुंकून बघत नाही. आणि चालत येणारी ती वस्तू बहुतेक वेळा त्याचा भाऊ असते. दोघे समोरासमोर आले की एकमेकांना पायांनी हलके चाचपतात, डोलतात आणि एकजण बाजूला सरकतो. ह्या किड्याला प्रेम असतं असं मी म्हणत नाही. त्याच्या भुकेचा रोख दुसरीकडं असतो, आणि एकत्र राहायला तेवढं पुरतं.

जगात प्रार्थना कीटकांच्या चोवीसशेच्या आसपास जाती आहेत. भारतातल्या जातींचा मोठा आढावा मुखर्जी, हाजरा आणि घोष यांनी १९९५ साली 'ओरिएंटल इन्सेक्ट्स'मध्ये घेतला. त्यात १६२ जाती होत्या. आमच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. टी. व्ही. साठे यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रार्थना कीटकांवर काम केलं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात एकत्र ठेवता येण्याजोग्या जाती फार थोड्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच कुळातल्या निघतात. ते कुळ म्हणजे एम्प्युसिडी. अथणीवाला त्यातला, आफ्रिकेतला प्रचंड आणि रंगीत आयडोलोमँटिसही त्यातलाच. कुळाबाहेरचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आफ्रिका आणि मादागास्करमधला फायलोक्रेनिया, हुबेहूब चुरगाळलेल्या पानाच्या रूपाचा.

पण जात निवडली म्हणजे काम संपलं, असं मामांनी कधी मानलं नाही. शांत जातही उपाशी ठेवली तर शेजाऱ्याला खाते. म्हणून त्यांचे काही नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत.

पहिला नियम आकाराचा. शिवाजी पेठ म्हणजे तालमींची पेठ. मामा तरुणपणी लाल मातीत उतरलेले. ते म्हणत, "तालमीत जोड बघून कुस्ती लावत्यात. हितं जोड बघून सोबत लावायची." एका कपाटात एकाच वयाची, एकाच मापाची पिल्लं. एखादं मागं पडलं, एखादं पुढं गेलं की त्याला बाहेर काढून बरणीत ठेवायचं आणि माप जुळलं की परत आणायचं. दोन वेगळ्या जाती, दोन्ही कितीही शांत असल्या, तरी कधीच एकत्र करायच्या नाहीत. एकीचं शांतपण दुसरीला ओळखता येतंच असं नाही.

दुसरा नियम कातीचा. प्रार्थना कीटक उलटा लटकून कात टाकतो. जुन्या कातडीतून नवं, मऊ शरीर खाली घरंगळत बाहेर येतं आणि कडक व्हायला त्याला वेळ लागतो. त्या वेळात तो पूर्ण निराधार असतो. शेजाऱ्यानं नुसता धक्का दिला तरी तो खाली पडतो आणि पाय वाकडे होऊन मरतो. एकत्र ठेवण्यातला खरा धोका बहुतेकदा हाच असतो. भूक त्याच्या मागून येते. म्हणून पिंजऱ्याची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, आणि टांगून घ्यायला जागा किड्यांच्या संख्येपेक्षा बऱ्याच जास्त हव्यात. कात टाकायला आलेला किडा खाणं सोडतो, फुगीर दिसतो, एका जागी खिळतो. असा दिसला की मामा त्याच्याजवळची फांदी मोकळी करत आणि त्या दिवशी कपाटात माशा कमी सोडत. भटकणारी माशीसुद्धा कात टाकणाऱ्याला पाडू शकते.

तिसरा नियम उबेचा. अथणीवाल्याला दिवसा ३० ते ३५ अंश ऊन आणि कोरडी हवा लागते. उन्हाळ्यात मामांच्या पत्र्याखालची माडी त्याला अगदी मानवायची. माणसं खाली सोप्यात येऊन बसत, किडे वर ताजेतवाने. पण जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की हवा ओली होई, आणि ओल्या हवेत ह्या किड्यावर बुरशी धरते. तेव्हा कपाटाच्या बाहेरून ४० वॅटचा बल्ब लटके आणि पाणी फवारणं जवळजवळ बंद होई. नर मादीच्या आधी वयात येतात, म्हणून शेवटच्या टप्प्यावर मामा नरांना बल्बपासून दूरच्या खालच्या कप्प्यात ठेवत, म्हणजे त्यांची वाढ जरा सावकाश होऊन दोघांची वेळ जुळे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते बघून काढलं होतं.

आणि सगळ्यांत मोठा नियम पोटाचा. "आधी माशा, मग किडं," असं ते म्हणत. माशांची सोय लागली नसेल तर अंड्यांची पेटी आणायचीच नाही. लहान पिल्लांसाठी फळमाश्या. त्यांची पैदास मामांच्या हातची होती, कारण आनुवंशशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी हेच काम त्यांनी नोकरीभर केलं होतं. रवा, आपल्याकडचा गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून बाटलीच्या तळाशी थर द्यायचा, वर कापसाचा बोळा. २५ अंशाला दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर. बाटल्या एकदम न लावता टप्प्याटप्प्यानं लावायच्या, म्हणजे खंड पडत नाही. मोठ्या किड्यांसाठी घरमाशी, गिरणीतल्या कोंड्यावर आणि दुधाच्या पावडरीवर वाढवलेली. उकिरड्यावरची माशी कधीच नाही, कारण तिच्याबरोबर औषधाचं विष आणि रोग दोन्ही येतात. माशीचे कोश फ्रिजमध्ये ठेवले की उबायचं थांबतात आणि हवे तेव्हा बाहेर काढता येतात.

तो फ्रिज मामींचा होता. जाळीचं कपाटही त्यांचंच. रवा आणि गूळ त्यांच्या डब्यातला. किड्यांच्या गोष्टीत त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते की मामांच्या माडीवर जे जगलं, त्यातलं निम्मं मामींच्या स्वयंपाकघरानं जगवलं. आला-गेला नाक मुरडायचा, नातेवाईक बोलायचे. मामी भाजीच्या कप्प्यात कोशांचा डबा नीट झाकून ठेवायच्या आणि मला चहा द्यायच्या. मामा आजारी पडले त्या वर्षी त्यांनी एकटीनं सगळ्या बाटल्या चालू ठेवल्या. मी मदतीला जायची. बोळा किती घट्ट बसवायचा, थराला पाणी सुटलं तर काय करायचं, हे मला त्यांनीच दाखवलं. फुटबॉलच्या हंगामात पेठेतला संघ जिंकला की बोळात फटाक्यांच्या माळा लागत. तेव्हा धूर वर जाऊ नये म्हणून जिना चढून खिडक्या लावायच्या त्याही मामीच.

पुढं एम.एस्सी. करताना मी जाँ आंरी फाब्र वाचला. १८२३ ते १९१५ हा त्याचा काळ. दक्षिण फ्रान्समधला हा शाळामास्तर जाळीच्या पिंजऱ्यांत कीटक ठेवून वर्षानुवर्षं बघत बसला. मँटिसच्या माद्या एकमेकींना आणि नरांना कशा खातात ते त्यानं लिहिलं. पण त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात एम्प्युसा होते, आमच्या अथणीवाल्याच्याच कुळातले. ते सगळे गुण्यागोविंदानं राहिले, थोडंसं खाऊन, एकमेकांना न छळता, हेही त्यानं तितक्याच बारकाईनं नोंदवलं आहे. मी ते पुस्तक घेऊन माडीवर गेले आणि मामांना मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आपलं बघणं बरोबर हुतं." त्यांच्या आवाजातलं ते समाधान मी विसरलेले नाही. फ्रान्समधल्या एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी जे पाहिलं, तेच शिवाजी पेठेतल्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दोघांत मला काही थोरलं-धाकटं दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. मादी नराला खातेच, ही समजूत १८८६ साली एल. ओ. हॉवर्ड यांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलेल्या टिपणासारख्या नोंदींतून दूरवर पसरली. त्या नोंदींतल्या माद्या कोंडलेल्या होत्या. १९८७ साली लिस्के आणि डेव्हिस यांनी पोटभर खाऊ घातलेल्या चिनी मँटिसच्या जोड्या त्रास न देता कॅमेऱ्यानं टिपल्या, तेव्हा नर खाल्ले गेले नाहीत. म्हणजे जी जात एकटी राहणारी, तिच्यातही भरलेलं पोट मोठा फरक घडवतं. त्यामुळे ती एकत्र ठेवता येते असं मुळीच नाही. पण कुठल्याही जातीचा स्वभाव ठरवण्याआधी तिचं पोट भरलेलं होतं का, हे विचारायला हवं. मामांच्या 'आधी माशा'चा अर्थ मला तिथं पूर्णपणे कळला.

माडीवर येणारी माणसं किड्यांकडं बघून लगेच माणसांबद्दल बोलायला लागत. कुणी अथणीवाल्यांकडं बोट दाखवून म्हणे, बघा, एकत्र कुटुंब कसं असावं. कुणी हायरोडुलाला नावं ठेवी. मामांना हे खपत नसे. "किड्यात मानूस बघू नगा," ते म्हणत. "किड्यात किडा बघा." एकत्र राहणारा थोर आणि एकटा राहणारा दुष्ट, असं त्यांच्या माडीवर नव्हतं. प्रत्येकाला त्याच्या गरजेची जागा होती. फळीवरच्या एकट्या हायरोडुलाला रोज तितकीच नजर मिळे, जितकी कपाटातल्या बिऱ्हाडाला. आज मी वर्गात शिकवते तेव्हा कीटकाला आपल्या सोयीच्या गोष्टीत कोंबायचा मोह मलाही समोर दिसतो, मुलांना तर फारच. त्या वेळी मी मामांचं हे वाक्य फळ्यावर लिहिते.

मामांनी मला काय दिलं ह्याची यादी केली तर त्यात पैसा नाही, शिफारस नाही. जुन्या कालनिर्णयच्या पानांच्या मागं लिहिलेल्या त्यांच्या नोंदी आहेत. कुणी कधी कात टाकली, किती पिल्लं निघाली, पाऊस कधी लागला, बल्ब कधी लावला, असं सगळं शिसपेन्सिलीनं, मोडीची सवय असलेल्या वडिलांकडून शिकलेल्या वळणदार अक्षरात. वर्षांमागून वर्षं. विद्यापीठात शिकताना मला निरीक्षणाची वही ठेवायला वेगळं शिकावं लागलं नाही. ज्यांच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या, ज्यांनी धुतलेल्या काचेवर आणि वाढवलेल्या माशांवर कित्येकांच्या पदव्या उभ्या राहिल्या, त्या माणसाचं नाव कुठल्याही शोधनिबंधाच्या आभारात मला आढळलं नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतून परिचरांचं ज्ञान असं कायम मोजदादीच्या बाहेर राहिलं आहे. ही गोष्ट मला मनापासून खटकते, आणि ती बदलायला हवी असं मला वाटतं.

मामा गेल्यावर मामींनी कपाट माझ्याकडं पाठवलं. ते आता मी शिकवते त्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. मच्छरदाणीचं कापड बदललं, बल्बच्या जागी तापमान राखणारं यंत्र आलं, बाकी घडी तीच आहे. मुलं विचारतात की एकत्र ठेवायला कोणती जात घेऊ. मी त्यांना आधी विचारते, माशा तयार आहेत का? मग सांगते: उडती शिकार धरणारी, सडपातळ पायांची जात बघ, एका वयाची घे, दुसऱ्या जातीत मिसळू नको, कात टाकायला जागा ठेव, आणि जास्वंदीवरचा हिरवा आणलास तर त्याला एकट्याची बरणी दे, तिथं तो सुखी असतो. परदेशी जातींची चित्रं मुलांना मोह घालतात. जर्मनीत स्थायिक झालेली माझी एक जुनी विद्यार्थिनी फायलोक्रेनियाचं बिऱ्हाड पोसते आणि फोटो पाठवते. तिचे नियमही हेच आहेत. पण इथं परदेशातून जिवंत कीटक आणायला सरकारी परवाना लागतो आणि तो नियम योग्य आहे, हे मी मुलांना समजावून सांगते. दाजीपूरच्या अभयारण्यातून तर काडीही उचलायची नाही. आपल्या परसातली एक पेटी शिकायला पुष्कळ होते.

अथणीच्या बिऱ्हाडाबाबत मामांचा एक शिरस्ता होता, तो आम्ही पाळतो. वाढलेल्यांतले निम्मे ते दर वर्षी बहिणीच्या शेताच्या बांधावर परत सोडून येत. कोल्हापुरात सोडत नसत, कारण हे त्यांचं रान नव्हे. आता त्या बहिणीचा नातू न्यायला येतो. पेटी मुलं बांधतात: तळाशी कोरडा कागद, बोरीच्या काटक्या, प्रत्येकाला लटकायला वेगळी फांदी. पद्धतीचा कागद भिंतीवर लावलेला आहे आणि त्याच्या माथ्यावर 'मामांची पद्धत' असं लिहिलं आहे. मामींना तेवढं चाललं. मुलांच्या वह्यांत, प्रकल्पांच्या आभारात आता हे दोन शब्द जातात. एका मुलीनं परवा त्याखाली स्वतःहून लिहिलं, 'आणि मामींची'. ती दुरुस्ती मी भिंतीवरच्या कागदावरही करून घेतली.